पाचवं कापड

अमीनाबीला वय विचारू नये. विचारलंत तर ती आधारकार्ड काढून पुढ्यात टाकते, आणि पिंपळगाव राजातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखा तिचाही जन्म एक जानेवारीचाच निघतो. त्या कार्डावर भरवसा ठेवला तर ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला स्वतःला ते पटत नाही. "अठ्ठ्याहत्तर तं माह्या गुडघ्यायचं वय हाये," ती म्हणते, "मी त्यायच्याहून लहान हाये."

म्हातारपण एकदम येतं असं ज्यांना वाटतं, त्यांना ते अजून आलेलं नसतं. ते घरातल्या भल्या माणसांच्या तोंडून येतं, "राहू द्या अम्मी, मी करते" असं गोड बोलत येतं, आणि दर खेपेला हातातलं एक काम काढून नेतं. अमीनाबीचा नवरा अन्वर मनियार होता, गावोगाव बांगड्या विकायचा. तो गेल्यावर तिने टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तीस वर्षं बायकांचे हात चोळून चोळून बांगड्या भरल्या. मग नजर गेली. एका नव्या नवरीच्या मनगटात काच घुसली, रक्त आलं, आणि मुलगा मतीन म्हणाला, "राहू दे अम्मी." टोपली माळ्यावर गेली. मग वरणात दोनदा मीठ पडलं, आणि सून गुलनाज म्हणाली, "राहू द्या अम्मी." चूल गेली. मग गुडघे गेले आणि जमिनीला कपाळ टेकायचं सुखही गेलं. नमाज खुर्चीवर आली. मतीनने खामगावहून चांगली गादीची खुर्ची आणून दिली होती, म्हणजे तक्रार करायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

एक काम तेवढं उरलं होतं, आणि ते कोणी काढून घेईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. गावातल्या मुसलमान घरातली बाई वारली की तिला शेवटची आंघोळ अमीनाबी घालायची. गुसल म्हणतात त्याला. तख्त्यावर बाईला निजवायचं, बोरीच्या पानांच्या कोमट पाण्यानं धुवायचं, अंगावरची चादर जराही ढळू न देता धुवायचं, कापूर लावायचा, आणि मग पाच कापडांत गुंडाळून घरच्यांच्या हवाली करायचं. बाईचं हे काम बाईच करते. आणि त्या बंद खोलीत जे दिसलं ते खोलीच्या बाहेर आणायचं नाही, हा त्या कामाचा पहिला कायदा. कोणाच्या पाठीवर वळ होते, कोणाच्या पोटावर कसले टाके होते, कोण किती उपाशी होती, हे सगळं अमीनाबीच्या पोटात होतं. चाळीस वर्षांत चकार शब्द बाहेर आला नव्हता. म्हणूनच बायका तिला घाबरतही आणि तिच्याजवळ रडतही.

अन्वर गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. तेव्हा दिवसचे दिवस ती भिंतीला टेकून बसायची आणि आपण कशाला उरलो म्हणून देवाशी भांडायची. गावात तेव्हा हे काम करणारी एक जख्ख म्हातारी होती. ती एक दिवस दारात येऊन म्हणाली, "चाल माह्यासंगं, पाणी ओताले कोणी नाई." अमीना गेली. तख्त्यावरच्या त्या परक्या बाईचा पदर सरकला होता आणि तिला तो सावरता येत नव्हता. अमीनाने सावरला. घरी येताना तिला रडू आलं नाही, भूक लागली. त्या दिवसापासून आपण कशाला आहोत हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. तरण्या पोरी सुखात असूनही हा प्रश्न विचारत फिरतात, मोबाइलवर त्याची भाषणं ऐकतात, याचं तिला हसू यायचं.

आणि कुलसुमबी? कुलसुमबी तिची मैत्रीण, कासारगल्लीतली, नौशादची आई. वीस वर्षांपूर्वी कुलसुमच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक बाजू सगळीच काढून टाकली. सही नवऱ्यानं केली होती, तोही आता नाही. घरी पोराला, सुनेला, जावांना एवढंच सांगितलं होतं की गाठ काढली. चाळीस दिवस पट्टी बदलायला जायची ती अमीना. तेव्हापासून कुलसुमने आतून घडी घातलेलं कापूस-फडकं भरून, वर ओढणी ओढून असे दिवस काढले की सख्ख्या सुनेलाही पत्ता लागला नाही.

गेल्या महिन्यात ती काठी टेकत अमीनाबीच्या घरी आली, खाटेवर बसली आणि गुलनाज आत जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "अमीना, माह्यं तुह्याच हातानं होऊ दे."

"तू आधी मरते का मी, ते कोणाले माहीत?"

"मस्करी नोको करू. त्या टायमाले कापूस भरजो. अन् सीनाबंद घट बांधजो. आखरी चेहरा पाहाले समद्या येतीन, माह्या जावा, खामगावच्या पोट्ट्या. चादरीवरून कोणाले समजलं नाई पाह्यजे. वीस वर्षं झाकलं व मी. मेल्यावर कायले उघडं पडू?"

सीनाबंद म्हणजे त्या पाच कापडांतलं छातीला बांधायचं कापड. अमीनाबीनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "कोण्या बाईचं दुसरं काई बी राहीन. तुह्यं हे नाई राह्यत." ती गेल्यावर अमीनाबी किती तरी वेळ खुशीत होती. मरणाची गोष्ट बोलून माणूस खुशीत कसा असेल? पण होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही काही लहान गोष्ट नाही.

चैत्रातल्या एका सकाळी, फजरची नमाज झाल्यावर मशिदीच्या भोंग्यावरून कुलसुमबीचं नाव आलं. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती होती. अमीनाबी कुणाच्या बोलावण्याची वाट न बघता उठली, आपली कापडी पिशवी घेतली, आणि मैत्रिणीसाठी रडायचं काम तिने मागे ठेवलं. आधी हात, मग डोळे.

गुलनाज सोबत निघाली. ती बारावी शिकलेली, खामगावला बायकांच्या इज्तेम्यात, धर्माच्या मेळाव्यात, जाऊन गुसलचं सगळं नीट शिकून आलेली. गेली दोन-तीन वर्षं तीच पाणी ओतायला असायची. रस्त्यात ती म्हणाली, "अम्मी, माह्या मोबाइलमंधी यादी हाये. मी एकेक वाचत जाईन, तुम्ही करत जा."

अमीनाबी रस्त्यातच थांबली. "तू जन्मली नव्हती तवापासून मी हे करून राह्यली. आता मले यादी वाचून दाखवते?"

"तसं नाई अम्मी. एवढ्या जवळच्या होत्या त्या. माणसाचं चित्त थाऱ्यावर राह्यत नाई म्हणून."

"माह्यं चित्त माह्याजवळ हाये. अन् आयक. आज तू भितीकडं तोंड करून उभी राह्यजो. पाणी पाठीमागं हात करून देजो. मधात बोलाचं नाई, पाहाचं नाई."

गुलनाजचा चेहरा एवढासा झाला. कारण तर तिला सांगता येत नव्हतं. दोन बायकांत ठेवायची गोष्ट तिसरीला कळली की ती गोष्ट राहत नाही, चर्चा होते.

नौशादच्या घरी मागच्या खोलीत तख्ता लावला होता. कफनाचं कापड आलं होतं. अमीनाबीनं स्वतः कापलं: मोठी चादर, इजार, कफनी, ओढणी. आणि सीनाबंद कापताना तिनं त्याला जास्तीचं चार बोटं कापड धरलं. त्यात कापसाचा चांगला जाड थर ठेवला, गुंडाळी केली. हे बाकीच्या चार कापडांबरोबर ठेवलं तर गडबडीत कापूस सांडेल, कोणाच्या नजरेला पडेल, असा विचार करून तिनं ती गुंडाळी वेगळी ठेवली. आपल्याच पिशवीत. हे काही झालं तरी विसरायचं नाही म्हणून वेगळी ठेवली.

दार लावलं. गुलनाज भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अमीनाबीनं बिस्मिल्ला म्हटलं आणि चादरीखाली हात घातला. उजवी बाजू, डावी बाजू, तीन वेळा पाणी. कुलसुमच्या त्या सपाट जागेवर तिची बोटं गेली तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या पट्ट्या आठवल्या, त्या वेळी कुलसुमनं दात खाऊन दाबलेलं कण्हणं आठवलं, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांना धार लागली. धुताना आजवर ती कधी रडली नव्हती. पुढचं सगळं त्या पाण्यातून दिसलं तसं झालं. इजार. कफनी. केसांच्या दोन बटा छातीवर. ओढणी. मोठी चादर, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"अम्मी," भिंतीकडे बघतच गुलनाज म्हणाली, "पाची झाले ना?"

"झाले. कितीदा इचारशीन?"

तिला खरंच झाले असं वाटलं होतं. खोटं ती बोलली नव्हती.

मग शेवटचा चेहरा बघायला बायका आल्या. एकेक वाकून बघून, तोंडाला पदर लावून पुढे सरकत होती. खामगावची एक पुतणी वाकली, जरा जास्तच वेळ वाकून राहिली, आणि सरळ होताना शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. त्या शेजारणीनंही मग मान लांब करून चादरीकडे पाहिलं. अमीनाबीनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. आजाराबद्दल बोलत असतील. बाया मेल्यावर बायांना बोलायला आजारच पुरतो.

जनाजा मशिदीकडे निघाला तशी ती घरी आली; गुलनाज तख्ता आवरायला मागे राहिली. अशा दिवशी ती घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची, तशी केली. मग कुलसुमसाठी नीट रडू म्हणून खाटेवर बसली आणि रुमाल काढायला पिशवीत हात घातला.

हाताला कापूस लागला.

 सीनाबंदची ती गुंडाळी तिनं काढून मांडीवर घेतली. मग तिला ती पुतणी आठवली. वाकून राहिलेली. कानात बोललेली. आणि शेजारणीची लांब झालेली मान. अमीनाबीच्या तोंडून असा काही आवाज निघाला की पलीकडच्या अंगणात धान्य निवडत बसलेली आशाबाई धावत आली.

"काय झालं व अमीनाबी?"

"गणेश हाये का घरी? त्याचा आटो हाये का?"

मतीनला फोन लावला. लागला नाही. जनाज्याच्या नमाजला उभे राहताना सगळ्यांनी फोन बंद केलेले असणार. नमाजला किती वेळ लागतो? थोडकाच. मशिदीपासून कबरस्तान किती लांब? खांदेकरी भराभर चालतात, मुडद्याला ताटकळत ठेवू नये म्हणतात. कुलसुमला जरा ताटकळत ठेवा रे, ती मनात म्हणत होती. आज एक दिवस सावकाश चाला. ओल्या केसांवर तिनं बुरखा टाकला, गुंडाळी छातीशी धरली आणि गणेशच्या ऑटोत बसली. आशाबाईचा हा गणेश चाळिशीचा, तिच्या हातच्या शेवया खाऊन वाढलेला.

"चाची, दवाखान्यात जाचं का?"

"कबरस्तानात."

गणेशनं आरशातून मागं पाहिलं. बायका तिकडे जात नाहीत एवढं त्यालाही ठाऊक होतं. पण तिचा चेहरा बघून त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि ऑटो असा हाकला की बाजारातल्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या.

जाताना ती एकच हिशोब करत होती. कबरीत उतरणारा नौशादच असेल, पोरगाच उतरतो. माती पडली नसेल तर त्याच्या हातात गुंडाळी द्यायची आणि म्हणायचं, हे अम्मीच्या छातीवर ठेव, सोडून बघू नको. एवढंच. त्याला कारण सांगायचं नाही. बायकांनी जे पाहिलं ते पाहिलं, ते आता परत येत नाही. पण कुलसुमला तिथं वर, अल्लाच्या पुढ्यात तरी, भरल्या अंगानं जाऊ दे. असं काही असतं की नाही हे मौलवींना माहीत. अमीनाबीला एवढंच माहीत होतं की आपण हो म्हटलं होतं.

कबरस्तान गावाबाहेर, नाल्यापलीकडे. ऑटो पोचला तेव्हा फाटकातून माणसं बाहेर येत होती. हातापायांना माती लागलेली, कोणी टोपी काढून घाम पुसतोय, कोणी पावसापाण्याचं बोलतोय. पुरून परत येणारी माणसं लांबूनही ओळखू येतात. अमीनाबीला आणखी काही विचारावं लागलं नाही, तरीही ती उतरली आणि त्या माणसांच्या उलट्या दिशेनं, फाटकाकडे चालायला लागली.

मतीननं तिला आधी पाहिलं. "अम्मी! तू अठी कायले आली?"

त्याच्या मागून नौशाद आला, आणि मशिदीचे इमामसाहेब. हे इमामसाहेब मतीनपेक्षाही लहान, बाहेरगावी शिकून आलेले, बोलायला मऊ. अमीनाबीनं बुरख्यातून ती गुंडाळी काढली. ओढताना ती सैल झाली आणि कापूस उडायला लागला.

"हे राह्यलं," ती म्हणाली. "सीनाबंद. माह्यापासून राह्यलं. उघडा. एक डाव उघडा, बाप्पा. मी नाई येत आत. नौशादनं ठेवलं तं चालीन."

माणसं थांबली. इमामसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरंच प्रेमानं म्हणाले, "खालाजान, घाबरू नका. बाईच्या कफनाला पाच कापडं सुन्नत आहेत, पैगंबरांची रीत आहे, पण तीनातही कफन होऊन जातं. मिट्टी दिल्यावर एवढ्यासाठी कबर खोलता येत नाही. काही हरकत नाही. अल्ला नियत बघतो."

काही हरकत नाही. बिचाऱ्यानं धीर द्यायला म्हटलं होतं. पण अमीनाबीला वाटलं, याच्यापेक्षा यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचवं कापड नसलं तरी हरकत नाही, तर मग चाळीस वर्षं एकेका बाईसाठी ते मोजून कापणारी मी कोण होते? माझ्या नसण्यानंही मग हरकत नसणार. आणि हरकत आहे हो, ती आहे, आणि ती मी तुम्हाला सांगू शकत नाही. तिच्या तोंडून निघून गेलं:

"तुमाले काय माहीत! तिची एक बाजू..."

ती तिथं थांबली. जीभ दातांखाली धरली. नौशाद तिच्याकडे बघत होता, कसली बाजू म्हणून. वीसेक माणसं बघत होती. चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते होता होता राहिलं होतं, अर्ध्या वाक्याचं अंतर होतं.

"काय म्हणली खाला?" नौशादनं विचारलं.

"काई नाई, बेटा. काई नाई."

मतीननं तिचा दंड धरला. लोकांपुढे लाज वाटली की आईची कीव आली, त्याचं त्यालाच ठाऊक. पण आवाज मोठा झाला. "बस झालं आता, अम्मी. वय झालं तुह्यं. आतापासून हे काम गुलनाज करीन. लोकायच्या मयतीत असे तमाशे नाई पाह्यजे."

दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि ती मान तिच्या बाजूची नव्हती. त्यांच्याही घरच्या बायकांना तिनंच धुतलं होतं. गणेशनं ऑटो वळवून जवळ आणला. घरी येईपर्यंत त्याला बोलायला विषय सापडला नाही, म्हणून तो उन्हाबद्दल बोलत राहिला.

घरी ती खाटेवर बसली ती उठलीच नाही. खुर्ची ओढून घेतली नाही, तशी तिसऱ्या प्रहरची असरची नमाजही राहिली. गुलनाजनं चहा आणला, तो निवला. दुसरा आणला, त्यावर साय धरली. उन्हं भिंतीवरून वर सरकायला लागली. मतीन दुकानात निघून गेला होता.

गुलनाज तिच्या पायाशी खाली बसली. "अम्मी, ते लोकायपुढं बोलले, चुकलं त्यायचं. तुम्ही मनाले लावून घेऊ नोका. एवढ्या वर्षांत एक डाव झालं. कोणापासून बी होते."

"हाव," अमीनाबी म्हणाली. "एक डाव झालं. पण कोणाच्या टायमाले झालं?"

गुलनाजनं मान खाली घातली. सांगावं की न सांगावं, तिच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं. ती मनाची चांगली पोर होती, आणि चांगल्या माणसांना ज्या वेळी गप्प बसायचं त्या वेळी नेमकं खरं बोलावंसं वाटतं.

"अम्मी, एक डाव नाई," ती म्हणाली. "म्हणून मी यादीचं म्हणली सकाळी. दोन वर्षं झाली. लोहारगल्लीतल्या आजीच्या टायमाले तुम्ही वजूचं हात-तोंड दोनदा धुतलं अन् पाय धुवाचे राह्यले. म्या मागून धुतले. मग त्या मास्तरीणबाईच्या टायमाले कापूर राह्यला, अन् ओढणी तुम्ही डोक्यावर न घालता चादरीच्या घडीत दाबली होती. म्या काढून नीट केली. तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून बोलली नाई. दरवेळी मी बाजूले असते ना, पाहून घेते. आज तुम्ही मले भितीकडं उभं केलं."



"मतीनले माहीत हाये?" अमीनाबीनं विचारलं.

"हाव."

"अजून कोणाले?"

"बाया समजतात, अम्मी. मले म्हणतात, तू असजो व संगं."

म्हणजे दोन वर्षं ती जे करत होती ते काम नव्हतं. लेकराला खोटी चूल देऊन बसवतात तसं तिला बसवलं होतं, आणि तिच्या मागून खरा स्वयंपाक गुलनाज करत होती. एकेका मयतीवरून घरी येताना तिला लागलेली भूक, ते समाधान, देवाशी मिटलेलं भांडण, सगळं उसनं होतं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त दोघींना, एक ती स्वतः आणि दुसरी कुलसुम. कुलसुमला कोणी सांगितलं असतं तर ती काठी टेकत भलत्याच खाटेवर येऊन बसली नसती.

"तू मले सांगाचं होतं," अमीनाबी म्हणाली. आवाज चढला नाही. चढवायला आत काही उरलं नव्हतं. "पह्यल्यांदा चुकली त्याच दिवशी. मी रडली असती, भांडली असती, चार दिवस जेवली नसती. पण कुलसुम तवा जिती होती. मी तिले म्हणली असती, बाई, माह्यं डोस्कं गेलं, तू माह्या सुनीले सांग. तिनं तुले सांगतलं असतं."

"काय सांगतलं असतं, अम्मी?"

शब्द ओठांवर आला. इतका सहज आला की अमीनाबीला स्वतःचीच भीती वाटली. दुपारी माणसांपुढे आला होता तसाच, न विचारता. मीठ टाकल्याचं विसरलं, कापूर विसरला, सीनाबंद विसरलं. उद्या-परवा ती हेही विसरेल, की हे सांगायचं नसतं. खाटेवर बसल्या बसल्या, भाजी निवडायला आलेल्या बायकांपुढे, कुलसुमचं बोलेल, लोहारगल्लीतल्या आजीच्या पाठीवरचं बोलेल, चाळीस वर्षांच्या बायका एकेक करून उघड्या पाडेल, आणि आपण काय केलं हे तिला कळणारही नाही. लोक म्हणतील, वय झालं बिचारीचं, हरकत नाही.

"गुलनाज," तिनं सुनेचं मनगट धरलं, बांगडी भरताना धरायची तसं घट्ट. "आजपासून माह्याजवळ कोणाले बसू देऊ नोको."

"असं काय म्हणता, अम्मी? रागं भरल्या का?"

"नाई भरली रागं. कोणालेच नोको बसू देऊ. तू बी रोटी ठेवाची अन् जाचं. मी काही बोलाले लागली तं दार लावून घेजो, आयकू नोको. कसम हाये तुले."

गुलनाज रडायला लागली. तिला वाटत होतं सासू रुसली आहे, आणि रुसवा चार दिवसांत जाईल. अमीनाबीनं तिला तसंच वाटू दिलं.

बाहेर अंगणात चपला वाजल्या. आशाबाई होती. दुपारपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, हातातलं निवडण तसंच टाकून ती चारदा दारापर्यंत येऊन गेली होती. पन्नास वर्षांपासूनची शेजारीण, रोज संध्याकाळी ती याच खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि दोघी दिवाबत्तीपर्यंत बोलायच्या.

"अमीनाबी, हायेस का व? बरं वाटते का आता?"

अमीनाबीनं तोंड भिंतीकडे केलं.

"झोपली म्हणून सांग," ती गुलनाजला म्हणाली.

गुलनाज डोळे पुसून दारात गेली आणि तिनं तसं सांगितलं.